लिमरिकमध्ये दोन रात्री: क्लिफ्स बाजूला ठेवा, आधी पूल चाला

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून पाच जणांचं कुटुंब जूनमध्ये आयर्लंडला येतंय. नवरा-बायको, पंधरा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले आई-बाबा. डब्लिन आणि गॉलवेच्या मध्ये लिमरिकला दोन रात्री आहेत. एजंटच्या कागदावर लिमरिकपुढे फक्त "मुक्काम" लिहिलंय आणि मधला पूर्ण दिवस क्लिफ्स ऑफ मोहरला, म्हणजे समुद्रावरच्या उंच कड्यांना, दिलाय. शहरात बघण्यासारखं काही आहे का, आई-बाबांना झेपेल का, शाकाहाराचं काय करायचं, आणि हे शहर धोकादायक आहे असं नेटवर वाचलं ते खरं का?

मी लिमरिकमध्येच राहते आणि इथे येणाऱ्या मराठी मंडळींना बरीच वर्षं शहर दाखवते, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे आधीच मान्य. पण तरीही सांगते: मधला दिवस शहराला द्या. क्लिफ्स लिमरिकहून गॉलवेला जाताना वाटेवर घेता येतात. त्यासाठी लिमरिकहून जाऊन परत लिमरिकला यायची गरजच नाही. एजंट तसं लावतात, कारण हॉटेल न बदलता दिवस भरून निघतो.

लिमरिक कळण्यासाठी नकाशावर एकच गोष्ट बघा. शॅनन ही आयर्लंडची सर्वांत लांब नदी, सुमारे ३६० किलोमीटरची. ती इथे खाडीला मिळते. समुद्र पश्चिमेला दूर आहे, पण भरतीचं पाणी शहरापर्यंत चढतं. शॅननचाच एक फाटा, ॲबी नदी, वळसा घालून पुन्हा शॅननला मिळतो आणि मध्ये एक बेट तयार होतं, किंग्ज आयलंड. खाडीतून गलबतं जिथवर येऊ शकतात आणि जिथे नदी ओलांडताही येते अशी ही जागा. व्हायकिंग लोक दहाव्या शतकात इथेच ठाण मांडून बसले. त्यांच्यामागून नॉर्मन आले, त्यांनी पूल राखायला किल्ला बांधला. ११९७ मध्ये शहराला सनद मिळाली. लंडनच्या सनदेपेक्षा आमची जुनी, असं इथला प्रत्येक टॅक्सीवाला तुम्हाला ऐकवेल. ऐकून घ्या, वाद घालू नका.

बेटावरचा भाग म्हणजे इंग्लिश टाउन, ॲबी नदीच्या अलीकडे आयरिश टाउन, आणि त्याच्या दक्षिणेला अठराव्या शतकात आखलेलं न्यूटाउन पेरी. एकाच शहरात तीन गावं, आणि त्यांना शिवणारे पूल. म्हणून लिमरिक स्थळांच्या यादीनं बघू नये, पुलांच्या क्रमानं बघावं. पूर्ण फेरी तीन-साडेतीन किलोमीटरची भरते आणि रस्ता जवळजवळ सपाट आहे. आई-बाबांना सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन तुकड्यांत सहज जमेल.

सुरुवात हंट म्युझियमपासून करा. ही जुनी कस्टम हाउसची इमारत, १७६५ ची, दाव्हीस द्युकार या वास्तुकाराची. पाठ रस्त्याला आणि तोंड नदीला, कारण जकात नदीवरून येणाऱ्या मालावर घ्यायची होती. आत जॉन आणि गर्ट्रूड हंट या दांपत्यानं जमवलेला संग्रह आहे: अश्मयुगीन वस्तू, मध्ययुगीन चर्चमधलं सोनं-चांदी, अगदी पिकासोपर्यंत. ख्रिस्ताला पकडून देण्याबद्दल ज्यूडासला मिळालेल्या तीस नाण्यांपैकी एक, अशी परंपरेनं सांगितलेली एक चांदीची मुद्राही आहे. ती खरंच त्यांतलीच का, हा प्रश्न वेगळा. कुणीतरी ती शतकानुशतकं तशी जपली, ही गोष्ट मला जास्त रंजक वाटते. तुमच्या मुलीला सांगा की इथले काही खण ओढून उघडायला परवानगी आहे, वस्तू त्यांच्यातही मांडल्या आहेत. दीड तास पुरे.

तिथून ॲबी नदीवरचा छोटा पूल ओलांडला की बेटावर आलात. समोर सेंट मेरीज कॅथीड्रल. थॉमंडचा राजा डोनल मोर ओब्रायन यानं ११६८ मध्ये आपल्या वाड्याच्या जागेवर हे उभारलं. घाईत असलेले लोक इथून सरळ किल्ल्याकडे जातात. मी म्हणेन, वेळ कमी असेल तर किल्ला आतून सोडा, हे सोडू नका. आत गायकवृंदाच्या जागी ओकच्या उचलत्या बैठका आहेत, पंधराव्या शतकातल्या. प्रार्थनेच्या वेळी तासन् तास उभं राहावं लागे. मग बैठक वर उचलली की तिच्या खालच्या बाजूला एक छोटा टेकू पुढे येई, त्यावर उभ्या उभ्या जरा टेकता यायचं. त्या टेकूंखाली सुतारांनी सिंह, ग्रिफिन, पंखांचा ड्रॅगन, हंस असं वाटेल ते कोरलंय. धर्मगुरूंच्या बुडाखाली असल्यामुळे कुणी फार तपासत नसणार. अशा बैठकांचा संपूर्ण आयर्लंडमध्ये टिकलेला हा एकमेव संच आहे. आई-बाबांना बसायला इथे भरपूर जागा, शांतता आणि ऊब आहे. फक्त जमीन दगडी, खालीवर आहे, तेवढं सांभाळा.

किल्ला पाच मिनिटांवर. इंग्लंडचा राजा किंग जॉन याच्या हुकमानं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. नदीच्या बाजूनं बघाल तर भिंती थेट पाण्यातून वर आल्यासारख्या दिसतात. आतलं प्रदर्शन पडद्यांचं, आवाजांचं, पोशाख घालून बघायचं आहे. मुलांना आवडतं, मोठ्यांचा जीव पाऊण तासात भरतो. खरी गोष्ट जमिनीखाली आहे: उत्खननात सापडलेले किल्ल्याआधीच्या घरांचे अवशेष आणि १६४२ च्या वेढ्यात भिंतीखाली खणलेले सुरुंग. हल्ला करणारे बाहेरून भुयार खणत होते आणि आतले त्यांना अडवायला उलट दिशेनं. बुरुजावरचे जिने गोल, अरुंद आणि दमछाक करणारे आहेत. आई-बाबांनी अंगणात थांबावं, त्यांचं फारसं काही चुकणार नाही. याच अंगणात १९३० च्या दशकात नगरपालिकेनं चक्क चाळवजा घरं बांधली होती. किल्ल्याच्या तटबंदीत धुणी वाळत होती. ती घरं पाडून उत्खनन झालं ते गेल्या शतकाच्या शेवटी.

आता थॉमंड ब्रिज. पूल ओलांडण्याआधी दोन मिनिटं थांबून १६९० आणि १६९१ ची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पलीकडचा दगड म्हणजे नुसता दगड.

इंग्लंडच्या गादीसाठी दोन राजे लढत होते, कॅथलिक जेम्स आणि प्रॉटेस्टंट विल्यम. निकाल लागला आयर्लंडच्या जमिनीवर. बॉइनच्या लढाईत हरल्यावर जेम्स फ्रान्सला निघून गेला आणि त्याचं आयरिश सैन्य पश्चिमेला सरकत लिमरिकच्या तटामागे आलं. विल्यम वेढा घालायला आला, पण त्याच्या मोठ्या तोफा मागून येत होत्या. पॅट्रिक सार्सफील्ड नावाचा सरदार काही शे घोडेस्वार घेऊन रात्री शहराबाहेर पडला, शत्रूला चुकवत लांबचा वळसा घेऊन वर किलालूजवळ नदी ओलांडली, डोंगरातून वाट काढली आणि बॅलीनीटीला तोफांचा तळ झोपेत गाठला. वाट दाखवायला स्थानिक बंडखोर होता, होगन नावाचा. दारूगोळा एकत्र रचून उडवून दिला. मराठी माणसाला ही गोष्ट सांगताना कधीच अडचण येत नाही. माझ्या बरोबरचे आजोबा मध्येच "गनिमी कावा" म्हणतात आणि मग मला पुढचं सांगावंही लागत नाही. तो वेढा उठला.

पुढच्या वर्षी मात्र दुसरा वेढा पडला. थॉमंड ब्रिजवर माघार घेणारे आयरिश सैनिक परतत असताना शत्रू पाठोपाठ आत घुसेल या भीतीनं उचलता पूल लवकर वर ओढला गेला. मागे राहिलेले शेकडो जण कापले गेले किंवा बुडाले. त्यानंतर काही दिवसांत बोलणी सुरू झाली आणि ३ ऑक्टोबर १६९१ ला तह झाला. सैनिकांना फ्रान्सला जायची मुभा मिळाली. सुमारे चौदा हजार जण गेले, पुन्हा न परतण्यासाठी. त्यांना इथे "रानहंस" म्हणतात. सार्सफील्डही गेला आणि दोनच वर्षांत फ्रान्सच्या बाजूनं लढताना मेला. मागे राहिलेल्या कॅथलिकांना तहात जी आश्वासनं दिली होती ती पुढच्या कायद्यांनी एकेक करून मोडली. म्हणून "तहाचं शहर" हे बिरुद लिमरिकमध्ये अभिमानानं नाही, जरा तिरकसपणे मिरवतात.

पूल ओलांडला की डावीकडे चौथऱ्यावर तो चुनखडीचा दगड आहे. त्यावर ठेवून तहावर सह्या झाल्या असं म्हणतात. पुरावा काही नाही. पूर्वी तो रस्त्यावर होता आणि घोड्यावर चढायला पायरी म्हणून वापरला जायचा, लोक त्याचे कपचे आठवण म्हणून फोडून न्यायचे. शेवटी १८६५ मध्ये उचलून वर ठेवला.

दगडापासून क्लॅन्सीज स्ट्रँड हा नदीकाठचा रस्ता सुरू होतो. इथे संध्याकाळी या. किल्ला पूर्व काठावर आहे, तुम्ही पश्चिम काठावर, त्यामुळे उतरतं ऊन थेट भिंतींवर पडतं. सकाळी इथून फोटो काढला तर सूर्य समोर आणि किल्ला काळा. जूनमध्ये सूर्य मावळायला रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा जेवण करून निवांत आलात तरी चालतं. आणि येण्याआधी लिमरिकच्या भरती-ओहोटीच्या वेळा फोनवर बघून ठेवा. ओहोटीला याच पट्ट्यात करागावर नावाचा खडकांचा धबधबा उघडा पडतो, पाणी आवाज करत धावतं, छोट्या होड्यांतून तरुण पोरं त्यात खेळत असतात. भरतीला तोच सगळा पट्टा पाण्याखाली सपाट होतो. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन फेऱ्या मारल्यात तर तुम्हाला दोन नद्या दिसतील. ही गोष्ट कुठल्याही पॅकेजच्या कागदावर नसते.

या काठानं दक्षिणेला आलात की तिसरा पूल, सार्सफील्ड ब्रिज. आता हा पूल नीट बघा, कारण इथे महाराष्ट्राचा धागा आहे. १८३५ मध्ये पूल खुला झाला तेव्हा त्याचं नाव होतं वेलस्ली ब्रिज, आयर्लंडमधला इंग्रज राजाचा प्रतिनिधी रिचर्ड वेलस्ली याच्या नावावरून. हा तोच वेलस्ली, जो १७९८ ते १८०५ भारताचा गव्हर्नर जनरल होता. त्याच्याच कारकिर्दीत ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं वसईचा तह केला, आणि पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ आर्थर असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. दोघे भाऊ आयर्लंडमध्येच जन्मलेले. पुढे लिमरिककरांनी पुलावरून वेलस्लीचं नाव काढलं आणि सार्सफील्डचं लावलं. पुलावर इंग्रज सैन्यातून लढताना क्रायमियाच्या युद्धात मेलेल्या एका सरदारपुत्राचा पुतळा होता, तो १९३० मध्ये उडवला गेला. त्याच चौथऱ्यावर आता इंग्रजांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचं स्मारक उभं आहे.

पूल उतरून आलात की न्यूटाउन पेरी. लाल विटांची चार मजली घरं, सरळ रेषेतले रस्ते, रंगीत दरवाजे. डब्लिनमध्ये अशी अठराव्या शतकातल्या धाटणीची, जॉर्जियन घरं बघितली असतील तर इथे फार रेंगाळू नका. ओकॉनेल स्ट्रीटनं क्रेसेंटपर्यंत जा, पीपल्स पार्कमध्ये बसा, तिथेच बाजूला शहराची आर्ट गॅलरी आहे. एक गोष्ट मात्र चालता चालता मुलीला सांगा. एप्रिल १९१९ मध्ये इंग्रज लष्करानं शहराला वेढून ये-जा करायला परवाने सक्तीचे केले, तेव्हा इथल्या कामगारांनी संप पुकारून जवळजवळ दोन आठवडे शहर स्वतः चालवलं. पावाचे भाव ठरवले, वर्तमानपत्र काढलं, स्वतःच्या नोटा छापल्या. लिमरिक सोव्हिएट म्हणून ते प्रसिद्ध आहे, सोव्हिएट म्हणजे कामगारांची परिषद.

तुमचा मधला दिवस शनिवार आला तर क्रम उलटा करा आणि सकाळी आधी मिल्क मार्केटला जा. १८५२ पासूनचा बाजार आहे, वर आता मोठं छत आहे, त्यामुळे पावसाची फिकीर नाही. चीज, ताजा पाव, सफरचंदाचा रस, गरम पॅनकेक. शाकाहारी माणसाचा नाष्टा इथे हॉटेलपेक्षा चांगला होतो.

शाकाहाराचं म्हणाल तर उपासमार होणार नाही, पण विचारायची सवय ठेवा. इथे मेन्यूवर चौदा ॲलर्जीकारक घटक लेखी द्यावे लागतात. त्यात दूध, अंडं, मासे असतात, पण मांस हा त्यातला घटक नाही. त्यामुळे "व्हेजिटेबल सूप"समोर फक्त सेलरी लिहिलेली असेल आणि सूप चिकनच्या पाण्यात उकळलेलं असेल. "स्टॉक भाज्यांचा आहे का" हा एवढाच प्रश्न पाठ करून ठेवा. सकाळच्या आयरिश नाष्ट्यातली काळी आणि पांढरी पुडिंग ही गोड वस्तू नाहीत: काळी डुकराच्या रक्ताची, पांढरी डुकराच्या मांसाची. कोबी घातलेला कुस्करलेला बटाटा, कोलकॅनन, मिळाला तर आई-बाबांना नक्की आवडेल. विद्यापीठात भारतीय विद्यार्थी बरेच असल्यामुळे भारतीय जेवणाचीही अडचण नाही. मात्र बऱ्याच किचन रात्री नऊच्या सुमारास बंद होतात. बाहेर लख्ख उजेड असतो, तुम्ही काठावर रमलेले असता आणि आठ वाजून गेल्याचं लक्षातच येत नाही.

पबमध्ये सहकुटुंब जायला हरकत नाही. जेवण मिळतं, न पिणाऱ्याकडे कुणी बघतही नाही. मुलगी पंधराची असल्यामुळे आधी पबवाल्यांना विचारा आणि लवकरची वेळ धरा. उन्हाळ्यातही अठराखालच्या मुलांना रात्री ठरावीक वेळेनंतर थांबता येत नाही. पारंपरिक संगीत चालू असेल तर वादकांच्या शेजारचा रिकामा स्टूल तुमचा नाही, तो उशिरा येणाऱ्या फिडलवाल्याचा आहे.

धोकादायक शहराची गोष्ट. या शतकाच्या सुरुवातीला इथे टोळ्यांची वैरं होती, त्यावर वर्तमानपत्रांनी भरपूर शाई खर्च केली आणि नाव बिघडलं ते बिघडलंच. ते प्रकार शहराच्या कडेच्या वस्त्यांतले होते. मी वर सांगितलेल्या वाटेवर तुम्ही दिवसा आणि संध्याकाळी निर्धास्त फिरा. शुक्रवार-शनिवारी मध्यरात्रीनंतर मुख्य रस्त्यांवर पिऊन आरडाओरडा करणारे असतात, म्हणून खोली घेताना रस्त्याकडची मागू नका, नदीकडची मागा. थॉमंड पार्कवर मोठा रग्बी सामना किंवा विद्यापीठाचा पदवीदान समारंभ असेल तर भाडी झपाट्यानं वाढतात, तारखा आधी बघा.

डब्लिनहून येताना बस सोपी. विमानतळावरूनही थेट बस मिळतात, अडीच-तीन तास लागतात. ट्रेननं आलात तर बऱ्याच गाड्यांना लिमरिक जंक्शनला बदलावं लागतं. हे जंक्शन लिमरिकमध्ये नाही, शेजारच्या टिपरेरी परगण्यात आहे. नाव ऐकून सामान घेऊन उतरून स्टेशनबाहेर पडू नका. शहराचं स्टेशन कोलबर्ट.

व्हिसाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. शेंगेन व्हिसावर इथे येता येत नाही आणि इथल्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही. बेलफास्ट हा ब्रिटनचा भाग आहे. सीमेवर फाटक नसलं तरी तिथे ब्रिटनच्या व्हिसाचा नियम आहे. भारतीय पासपोर्टवरच्या आयरिश व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) ही अक्षरं असतील तर त्याच व्हिसावर ब्रिटनमध्येही जाता येतं, फक्त आधी आयर्लंडमध्ये उतरायला हवं. तिकिटं काढण्याआधी दूतावासाच्या साइटवर ताजे नियम एकदा वाचा, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

छत्र्या आणू नका. नदीवरचा वारा त्या उलट्या करतो. टोपीचा रेनकोट प्रत्येकाला, आणि आई-बाबांना जूनमध्येही स्वेटर.

आता तिसरा दिवस. सकाळी निघून बनरॅटीचा किल्ला बाहेरूनच बघा आणि एनिसवरून क्लिफ्सला जा. पाच जण आणि सामान म्हटल्यावर ड्रायव्हरसकट गाडी सांगितलीत तर बरं. बसनं जायचं असेल तर लिमरिक ते एनिस, आणि तिथून ३५० क्रमांकाची बस क्लिफ्सवरून पुढे गॉलवेला जाते. क्लिफ्सचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. कडे सर्वांत उंच जागी २१४ मीटर आहेत. आई-बाबांनी व्हिजिटर सेंटरजवळच्या फरसबंद वाटेवरून बघावं, तुम्ही तिघं वाट खुली असेल तिथवर पुढे जाऊन या. समोर फक्त धुकं असेल तर आत कॉफी घेऊन तासभर वाट बघा. पश्चिमेचं धुकं बरेचदा तेवढ्या वेळात सरकतं, आणि गॉलवेला पोचायला संध्याकाळ उजेडाची आहेच.